अपहाराचा आरोप असलेल्या पुढाऱ्याचे चरित्र कसे लिहावे

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पुढाऱ्यावर अपहाराचा आरोप झालेला असला, की त्याच्यावर टिपण लिहिणारा हमखास पलायनापासून सुरुवात करतो. केंटकी राज्याचा खजिनदार जेम्स टेट याच्या बाबतीत तो मोह फारच मोठा आहे. १४ मार्च १८८८ रोजी त्याने फ्रँकफर्ट या केंटकीच्या राजधानीतील कोषागारात सोन्याचांदीच्या नाण्यांनी दोन थैल्या भरल्या, नोटांचे पुडके उचलले आणि लुईव्हिलला जाऊन येतो असे सांगून तो जो गेला, तो परतला नाही. हा प्रसंग जरूर लिहावा, पण आधी १८६७ पासूनची त्याची वीस वर्षे उलगडावीत. लोक त्याला ‘ऑनेस्ट डिक’, म्हणजे प्रामाणिक डिक, म्हणत आणि पुन्हा पुन्हा निवडून देत; अशा माणसाकडे हिशेब मागायला कोण धजावणार?

त्यानंतर आकडे समोरासमोर मांडावेत. तूट सुमारे २,४७,००० डॉलरची निघाली, तर त्याने सोबत नेलेली रक्कम साधारण एक लाख सांगितली जाते. उरलेले पैसे थैल्यांतून गेलेले नाहीत, हे एवढ्यावरूनच कळते. तेव्हा जमिनी आणि कोळशाच्या खाणींत घातलेला पैसा, तसेच मित्रांना व राजकारण्यांना सरकारी तिजोरीतून दिलेली हातउसनी रक्कम आणि तिच्या चिठ्ठ्या, यांवर निम्मे टिपण खर्च करावे. माझ्या मते खरे प्रकरण तिथेच आहे.

शब्द मात्र जपून वापरावेत. गव्हर्नर बकनर यांनी टेटला निलंबित केले, राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने महाभियोग लावला आणि वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे राज्याच्या सिनेटने, त्याच्या गैरहजेरीतच त्याला दोषी ठरवून पदावरून दूर केले. परंतु तो कधीच हाती न लागल्यामुळे फौजदारी खटला उभा राहिला नाही. म्हणून नुसते ‘दोषी ठरला’ न लिहिता कोणी ठरवले, तेही लिहावे.

परिणामांसाठी दोन वाक्ये पुरेत: १८९१ च्या राज्यघटनेने राज्याच्या निर्वाचित पदाधिकाऱ्यांना लागोपाठ दुसरी मुदत नाकारली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती अट सैल झाली.

जन्म १८३१ असा द्यावा. मृत्यूची जागा रिकामी सोडावी. मुलीला परदेशांतून पत्रे येत होती, ती पुढे थांबली, एवढेच नोंदवावे.