पुरात एकाच घराच्या तीन मागण्या पडू नयेत म्हणून

वडोदऱ्यात विश्वामित्री नदी चढली की नेट येतं-जातं, मग मदतीच्या ॲपवर माणूस घाबरून परत परत 'पाठवा' दाबतो आणि समा भागातल्या एकाच आजींच्या नावाने तीन मागण्या पडतात, होडी तिथेच फेऱ्या मारते आणि पलीकडच्या सोसायटीतले लोक ताटकळतात. ॲप बनवणाऱ्यांनी एवढं कराच:

१. फॉर्म उघडताच फोनमध्येच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जवळजवळ कधीच न जुळणारा ओळख-क्रमांक) बनवा. सर्व्हरकडून नंबर मागत बसू नका, तो पुरात मिळणारच नाही.

२. नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइटमध्ये (फोनमध्येच चालणारा छोटा डेटाबेस) सेव्ह, मग पाठवणं. स्क्रीनवर 'एरर' नको, तो दिसला की लोक नवा फॉर्म भरतात. 'नोंद फोनमध्ये आहे, अजून पोचलेली नाही' असं लिहा.

३. रिट्रायला, म्हणजे न पोचलेली नोंद पुन्हा पाठवताना, तोच आयडी. सर्व्हरवर आयडीचा कॉलम युनिक ठेवा, म्हणजे एकच आयडी दोनदा नोंदला जाणार नाही; तिथला डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (तो आयडी आधीच असेल तर काही करू नको) वापरा, आणि दुसऱ्यांदा आलेल्यालाही 'मिळालं' असंच उत्तर द्या.

४. रिट्रायमधलं अंतर दरवेळी दुप्पट आणि वर थोडे रँडम सेकंद, नाहीतर टॉवर सुरू झाल्या झाल्या सगळे फोन एकदम सर्व्हरवर तुटून पडतात.

फक्त कोणाची मागणी आधीची हे निव्वळ फोनच्या घड्याळावरून ठरवू नका, फोनची वेळ चुकलेली असू शकते. सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळी ठेवा.