जुन्या मिआटाचं पाणी कुठे जातं?

मिआटा म्हणजे माझ्दा एमएक्स-५, उघडता येणाऱ्या कापडी छताची छोटी गाडी. तिची पहिली पिढी (१९८९ ते १९९७) इंजिनाच्या बाबतीत चिवट, पण पत्र्याच्या बाबतीत नाजूक. कापडी छतावरून ओघळलेलं पाणी सीटबेल्टच्या खांबांमागे, दोन्ही बाजूंच्या एकेका भोकातून नळीत उतरतं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीखाली पडतं. वरच्या भोकापाशी पालापाचोळा, माती साचली की नळी तुंबते. मग पाणी कार्पेटखाली, नाहीतर दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरतं आणि ती आतून गंजते. बाहेरचा रंग फुगेपर्यंत कळतही नाही.

तपासणं सोपं आहे. छत अर्धं उघडा, टॉर्च घेऊन सीटमागचा कोपरा बघा, वरची घाण हाताने काढा आणि बाटलीने सावकाश पाणी ओता. खाली लगेच धार लागली तर ठीक. थेंब थेंब आलं तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी टोक बोथट करून हळूच आत सरकवा. लोखंडी तार नको, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, आत नळी सांध्यातून निसटली की पाणी थेट पत्र्यात. दोरी फिरवून झाली की कोमट पाणी ओता.

वर्षातून दोनदा पुरे. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानगळीनंतर आणखी एकदा. ब्रिटनमध्ये हे जास्तच मनावर घ्यावं, कारण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि सीटबेल्टच्या आधाराजवळचा भाग सडला असेल तर वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. वेल्डिंगचं बिल ऐकलंत की नायलॉन दोरी फुकट वाटेल.