डेव्हिल्स लेकला कॅम्पिंगला जाताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की शिकागो, मिलवॉकी, मॅडिसनकडची आपली मंडळी विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्ककडे निघतात. आणि का नाही निघणार, 360 एकरांचा तलाव, दोन्ही अंगांना क्वार्टझाइट नावाच्या कठीण दगडाचे 500 फूट उंच कडे आणि सगळीकडे गर्द झाडी, इतकी देखणी जागा मिडवेस्टमधे दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. पण एवढ्या लांब जाऊन विकेंडची वाट लागते ती बहुतेक वेळा घरून निघायच्या आधीच झालेल्या गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट बुकिंग. तंबू लावायची जागा, म्हणजे साइट, 11 महिने आधीपासून बुक करता येते आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार पटापट भरतात, त्यामुळे मे महिन्यात जागं होऊन उपयोग नसतो. तरी उशीर झालाच तर कॅन्सल झालेल्या साइट्स अधूनमधून बघत राहा, रविवार ते गुरुवार ट्राय करा, नाहीतर जवळचं मिरर लेक स्टेट पार्क बघा, तेही छान आहे. आणि कॅम्पिंगची फी भरली म्हणजे झालं असं नाही, गाडीसाठी पार्कच्या प्रवेशाचं स्टिकर वेगळं घ्यावं लागतं, इलिनॉयची म्हणजे बाहेरच्या राज्याची नंबर प्लेट असेल तर ते महागही पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लाकडं. घरामागचं झाड पाडलं, लाकडं पडूनच आहेत, टाका डिकीत, असं प्लीज करू नका. एमराल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा चकचकीत किडा अॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली अळीच्या रूपात लपलेला असतो, बाहेरून लाकूड एकदम चांगलं दिसतं, फारतर सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी तीन-एक मिलिमीटरची भोकं दिसतील, तीही किडा बाहेर पडून गेल्यावरची. 2002 मधे हा किडा डेट्रॉइटजवळ सापडला आणि त्यानंतर अमेरिकेत अॅशची कोट्यवधी झाडं मेली, लांब लांब पसरला तो मुख्यतः लोकांनी गाडीतून नेलेल्या लाकडांमुळे. म्हणून नियम असा की लाकूड पार्कपासून 10 मैलांच्या आतलं किंवा कीड नसल्याचं सर्टिफाइड केलेलं हवं. तिथेच जवळ विकत घ्या, थोडे डॉलर जातील पण ते जंगल राहायला हवं ना. लाकूड ओलसर निघालं तर मोठे ओंडके पेटवत बसू नका, बारीक चिरफळ्या करा आणि आतला कोरडा भाग आधी लावा.

तंबूखाली ताडपत्री घालताना ती तंबूच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर पडून सरळ तुमच्या पाठीखाली येतं. आणि सकाळी आतून सगळं ओलं दिसलं तर तंबू गळतोय असं लगेच समजू नका, बऱ्याचदा ती आपल्याच श्वासाची वाफ असते, थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की असंच होतं. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा आणि अंगावर जाड पांघरूण घ्या.

पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच टॉवेलने खसखसून अंग पुसा, मुलांचं तर नक्कीच. गोगलगायींमधून येणारे बारीक परजीवी कातडीत शिरून खाजरे लाल फोड उठतात, त्याला स्विमर्स इच म्हणतात, आणि या तलावात तो त्रास होतो. फोड आपोआप जातात, पण मुलं खाजवून जखमा करतात. बीचवर लाइफगार्ड नसतो हेही लक्षात असू द्या.

बॅलन्स्ड रॉक म्हणजे कड्यावर तोल साधून उभा असलेला मोठा दगड, त्याच्या वाटेवर चपला नकोत, दगडी पायऱ्या खड्या आहेत आणि पाऊस पडून गेला की क्वार्टझाइट भयंकर निसरडा होतो. फिरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड आहे का बघा. सापडली तर तेल-रॉकेल काही न लावता चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि सरळ ओढा, नंतर काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरकडे जा.

लाडू, चिवडा, फळं, कूलर, सगळं रात्री गाडीत ठेवा, तंबूत अजिबात नको, रॅकून नावाचे प्राणी झाकणं सहज उघडतात. रात्री 11 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, तेव्हा अंताक्षरी रंगवायची असेल तर जेवणाआधीच सुरू करा.