लघवीचा नमुना पाळी सुटताना घ्या, सकाळी नाही

गेल्या वर्षी शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत थिनर अंगात किती जातं ते बघायला पेंटशॉपच्या अकरा जणांची लघवी तपासून घेतली. अकराही रिपोर्ट नॉर्मल. पण कास्टिंगवर प्रायमर मारणारा एक पोरगा रोज पाळी सुटताना डोकं धरून बाकड्यावर बसायचा, हे मी बघत होतो. चूक माझी होती. नमुने मी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला लागायच्या आधी घेतले होते. थिनरमधलं टोल्युईन अंगात गेलं की त्याचं जे काही बनतं ते लघवीवाटे काही तासांत बाहेर पडायला लागतं. सुट्टी गेली, रात्र गेली, मग बाटलीत सापडणार काय? तेव्हा बाकी काही विसरा, पण नमुना पाळी सुटतानाच घ्या.

थिनरमध्ये काय आहे ते कळायला आधी पिंपावरचं लेबल आणि सेफ्टी डेटा शीट (मालासोबत येणारा माहितीचा कागद) वाचा. टोल्युईनसाठी लॅबवाले त्याच्यापासून अंगात बनणारं हिप्युरिक ॲसिड सुचवतील, पण बाटलीबंद सरबतातल्या, सॉसमधल्या सोडियम बेंझोएटमुळेही ते वाढतं. त्यापेक्षा ऑर्थो-क्रेसॉल मागा, तोही टोल्युईनपासूनच बनतो, आणि विडी-सिगरेट कोण ओढतं ते लिहून ठेवा, कारण धुरानंही तो वाढतो. थिनरमध्ये झायलीन असेल तर मिथाइल हिप्युरिक ॲसिड. तेही पाळी सुटतानाच.

गनमेटल (तांबं-कथलाचा, बहुतेकदा शिसं असलेला मिश्रधातू) ओतत असाल तर शिशासाठी रक्त तपासा. शिसं रक्तातून निम्म्यावर यायलाच महिनाभर लागतो, म्हणून तिथे वेळेची घाई नाही. क्रोम प्लेटिंगचं वेगळं: क्रोमियम आठवडाभर साठत जातं, म्हणून लघवी आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, आणि तेव्हाही पाळी सुटताना.

बाटली हातात द्यायच्या आधी साबणानं हात धुवायला लावा, कामाचे कपडे बदलायला लावा, आणि नमुना शॉपपासून लांब घ्या. बाहीवरची धूळ बाटलीत पडली तर रिपोर्ट धुळीचा येतो, माणसाचा नाही. क्रिएटिनिन सोबत मागाच, लघवी किती पातळ आहे ते त्यावरून कळतं. ते लिटरला 0.3 ते 3 ग्रॅमच्या बाहेर गेलं तर लघवी फार पातळ किंवा फार दाट आहे, नमुना परत घ्या.

माणसांशी आदल्या दिवशी बोला, परप्रांतीय पोरांशी हिंदीत. दारू पकडायला किंवा कामावरून काढायला हे चाललंय असं त्यांना वाटतं, आणि मग कोणी बाटलीत पाणी मिसळतो. रिपोर्ट आधी त्या माणसाला दाखवा, मग साहेबांना. 1948 च्या कारखाने कायद्यात 1987 च्या दुरुस्तीनं 41-सी कलम आलं, आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला त्याची आरोग्य-नोंद बघायला मिळाली पाहिजे असं त्यात लिहिलं होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. त्या कायद्यातल्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फौंड्री होती.

बाटलीवरचं लेबल, नमुने न्यायला बर्फाची पेटी, सह्या, हे तुम्हाला माहीत आहे. आकडा जास्त आला तर माणसाला बाजूला काढून थांबू नका, एक्झॉस्ट पंखा बघा, मास्कचं कार्ट्रिज बघा, मग पुन्हा तपासा.

आणि रात्रपाळी सकाळी सातला सुटते. लॅबचा माणूस दहाला येतो म्हणाला, तर दुसरी लॅब बघा.