ट्रंकेतल्या कागदांचं पान कसं सजवायचं

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. आज्जीनं त्यात लग्नपत्रिका, कापडदुकानाची बिलं, जुन्या मोडी लिपीतले दोन कागद आणि १९५६ च्या आधीची, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाची, पोस्टकार्डं जपून ठेवली आहेत. कोलाजसाठी, म्हणजे कागदांचे तुकडे चिकटवून पान सजवण्यासाठी, हल्ली परदेशी वर्तमानपत्रांच्या नकलांची पाकिटं मिळतात. पण मराठी, कन्नड, इंग्रजी आणि मोडी एकाच डब्यात सापडणाऱ्या भागात राहून ती विकत कशाला घ्यायची?

आधी निवड

ट्रंक रिकामी करून दोन ढीग करा. पत्रं, फोटो, मोडी कागद, जमिनीचे दस्त यांचा पहिला ढीग. यातलं मूळ काहीही चिकटवायचं नाही, झेरॉक्स काढायची. मी आजोबांचं शाईनं लिहिलेलं एक पोस्टकार्ड तसंच चिकटवलं होतं. फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं शाई फुटली, आणि आता तिथं नुसता निळा डाग आहे. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रतही अशीच फुटते, तेव्हा दुकानातली झेरॉक्सच बरी.

दुसरा ढीग बिनधास्त वापरायचा: कुंदा या मिठाईच्या खोक्याचं झाकण, निपाणीकडच्या बिडीबंडलाचं लेबल, कॅलेंडरची पानं, जादा उरलेल्या लग्नपत्रिका. कोल्हापूरला जाता-येताना कधी महाराष्ट्राच्या एसटीचं, कधी कर्नाटकाच्या बसचं तिकीट मिळतं. ती जोडी पानावर छान दिसते. मशीनमधून येणाऱ्या तिकिटाची मात्र झेरॉक्सच लावा, कारण त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात.

वही आणि रंग

पातळ कागद गोंदानं सुरकुततो. जाड ड्रॉइंग पेपरची वही घ्या, किंवा जुन्या जमाखर्चाच्या वहीची दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून एक करा. मधली काही पानं कापून टाका, नाहीतर शेवटी वही मिटत नाही.

झेरॉक्सचा पांढरेपणा डोळ्याला टोचतो. कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळा, गाळून गार करा आणि ब्रशनं कागदावर फिरवा. कडेला दुसरा हात दिला की तिथं रंग गडद होतो. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका, खानापूरकडं तर नाहीच. कागद दोन दिवस दमट राहतो आणि बुरशी धरतो. घाई असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून हलकी इस्त्री फिरवा.

मांडणी

खरी गंमत इथं आहे. तळाला मोडीची झेरॉक्स पसरा. मोडी लिहिताना शिरोरेघ आधी ओढतात आणि अक्षरं तिला लोंबकळत, न थांबता जातात. लांबून पाहिलं तर विणलेल्या कापडासारखं दिसतं. त्यावर बिलाची एक उभी पट्टी. कात्री नको, हातानं फाडा. दोन तुकड्यांपैकी एकाच्या कडेला पांढरी झालर येते, तो घ्या. कन्नड आणि मराठी ओळी शेजारी येतील असा तुकडा मिळाला तर उत्तमच. सगळ्यात वर एकच ठळक वस्तू ठेवा: लेबल, नाहीतर फोटोची प्रत. दोन ठळक वस्तू एकमेकींशी भांडतात.

अक्षरं पार झाकू नका. आज्जीला पान दाखवलं तर ती सजावट बघायच्या आधी बिलावरचा लुगड्याचा दर वाचते.

गोंद न लावता सगळं मांडा, मोबाइलवर फोटो काढा, आणि पानाचा तिसरा हिस्सा तरी मोकळा आहे का बघा. नसेल तर एक तुकडा उचला. हे जड जातं, पण उचलाच.

चिकटवणं

फेव्हिकॉल तीन भाग, पाणी एक भाग. पातळ थर द्या, कागद मध्यापासून कडेकडे दाबत जा आणि जुन्या एटीएम कार्डानं हवा बाहेर काढा. पतंगाच्या कागदाला गोंदाची कांडी बरी. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर (कागद खाणारी कीड) लागते, म्हणून मी ती सोडली.

पानावर बटर पेपर ठेवून वही मिटा आणि रात्रभर वर जड पाटा ठेवा. सकाळी मोकळ्या जागेत पेन्सिलीनं कागद कुणाचा, कुठला ते लिहा. आज्जीला विचारूनच लिहा. आमच्याकडं एका पत्रिकेवरची नवरी कोण, यावर अजून वाद चालू आहे.