विंडोज ११ टाकलं आणि स्क्रीन बिघडली? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूरच बदलला. आधी "ताई, प्रिंटर ऐकत नाही" असायचं, आता "ताई, अकरा टाकलं आणि डिस्प्ले गेला." नाशकात सातपूर-अंबडचे छोटे कारखाने, कॅनडा कॉर्नरची सीए ऑफिसं, पंचवटीतले डीटीपीवाले, सगळीकडे तीच ओरड. नीट विचारलं की कळतं, प्रत्येकाचा 'गेला' वेगळा असतो. कुणाची स्क्रीन काळी, कुणाची अक्षरं अवाढव्य, कुणाची सारखी लुकलुकते, कुणाच्या फायलीतलं मराठीच गायब. आणि बहुतेकांना कुणीतरी आधीच सल्ला देऊन ठेवलेला असतो: फॉरमॅट मारा.

फॉरमॅटला माझा विरोध आहे, तो एवढ्यासाठी की त्यात हिशेबाचा डेटा, फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग सगळं पुसलं जातं आणि स्क्रीन कित्येकदा होती तशीच राहते. आधी एकच गोष्ट ठरवायची: चित्र तयार होतानाच चुकतंय, की चांगलं तयार झालेलं चित्र दाखवताना बिघडतंय? तयार करणारे म्हणजे विंडोज, ग्राफिक्स चिप आणि त्या चिपला विंडोजशी जोडून देणारं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दाखवणारे म्हणजे केबल, पॅनल (लॅपटॉपच्या स्क्रीनची काच) किंवा मॉनिटर. अपग्रेडचा हात पहिल्या बाजूपर्यंतच पोचतो. पॅनलवरची रेघ विंडोज बदलल्याने येत नाही आणि जातही नाही.

हे ठरवायला पैसे लागत नाहीत. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. 'पिक्चर्स' मधल्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये फोटो तयार होतो. तो व्हॉट्सॲपवरून स्वतःच्या मोबाइलवर पाठवा आणि मोबाइलवर उघडून बघा. रेघा, डाग, विचित्र रंग मोबाइलवरही दिसले तर दोष चित्र तयार करणाऱ्या बाजूला आहे, म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हर. मोबाइलवर फोटो स्वच्छ असेल तर केबल किंवा पॅनल बघायचं.

सातपूरच्या एका टूलरूममध्ये लॅपटॉपवर जांभळी उभी रेघ आली होती. रात्री अपग्रेड झालं, सकाळी रेघ, त्यामुळे सगळ्यांचा संशय विंडोजवर. स्क्रीनशॉट मोबाइलवर पाहिला तर रेघेचा पत्ता नाही. मग लॅपटॉपचं झाकण हळूहळू पुढे-मागे केलं. एका विशिष्ट कोनात रेघ थरथरायची आणि थोडं मागे नेलं की नाहीशी व्हायची. बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल दबली होती. ती बदलली, काम संपलं.

याची दुसरी खूण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगच्या पडद्यावर मिळते. मशीन सुरू होताना डेल, लेनोवो, एसरला एफ२, एचपीला एफ१० आणि असेंबल केलेल्या डेस्कटॉपला बहुधा डिलीट दाबलं की बायोस उघडतो. तिथे विंडोज नसतंच. तिथेही स्क्रीन लुकलुकत असेल तर ड्रायव्हरच्या मागे वेळ घालवू नका.

आता काळी स्क्रीन. अपग्रेडनंतर पहिल्यांदा सुरू होताना, विशेषतः जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर, स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात बांधून बसा. अपग्रेड चालू असताना मध्येच बटण दाबून बंद करणं हाच यातला मोठा धोका. त्यामुळे तुमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जायची असेल त्या दिवशी अपग्रेडला हात घालू नका, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा.

दिवा शांत आहे, पंखा फिरतोय आणि तरी काळोख असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो, 'टुक' असा आवाज येतो आणि स्क्रीन क्षणभर लुकलुकते. उघड्या फायली बंद होत नाहीत. मग विंडोज आणि पी. ऑफिसात प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर लावायची सवय असेल तर चित्र न जोडलेल्या दुसऱ्या स्क्रीनवर जात असण्याची शक्यता असते. विंडोज-पी दाबून थोडं थांबा, खालचा बाण दाबा, एंटर मारा, नाहीच दिसलं तर पुन्हा तेच. काळ्या पडद्यावर नुसता माउसचा बाण फिरत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, 'रन न्यू टास्क' मध्ये 'एक्सप्लोरर' टाइप करा. टास्कबार परत येतो.

डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे जाऊन केबल कुठे लावली आहे ते बघा. अपग्रेडच्या निमित्ताने धूळ झाडली जाते आणि परत जोडताना एचडीएमआय कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत जाते. फार साधी गोष्ट, पण फार वेळा सापडते.

लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. फिकट आयकॉन दिसले तर चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय. मग ब्राइटनेसची बटणं दाबून बघा, नाहीतर हार्डवेअरवाला गाठा.

यातलं काहीच चाललं नाही तर सेफ मोड. त्यात विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर सुरू होतं आणि बिघडलेला ड्रायव्हर खाली सांगितल्याप्रमाणे काढता येतो. मशीन सुरू करायचं, विंडोज चढायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा. पण इथे एक अडचण असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि या वाटेवर त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्यात साठवलेली असते. अनेक घरांत ते अकाउंट पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचं निघतं! म्हणून मशीन चालू असतानाच मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये शिरून किल्ली वहीत उतरवून ठेवा.

स्क्रीन दिसते, पण सगळं मोठं आणि फाकलेलं, रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडकलेलं, ब्राइटनेसची पट्टी चालत नाही. हे दृश्य सगळ्यांत जास्त वेळा दिसतं आणि त्याचं कारणही ठरलेलं असतं. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव न दिसता 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय.

लॅपटॉप असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथलाच ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. असेंबल केलेला डेस्कटॉप असेल तर थेट चिप बनवणाऱ्या कंपनीची साइट. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नका. एक ड्रायव्हर मिळेल न मिळेल, जाहिराती मात्र नक्की मिळतील.

उलटही होतं. खरा ड्रायव्हर आहे, पण अपडेटने नवा बसवला आणि तेव्हापासून त्रास. मग त्याच नावावर डबल क्लिक, 'ड्रायव्हर' टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकट असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबा, ड्रायव्हर काढून टाकायच्या चौकटीत टिक करा आणि रीस्टार्टच्या आधी इंटरनेट बंद करा. नाहीतर विंडोज तोच ड्रायव्हर परत ओढून आणतं आणि तुम्ही गोल फिरत राहता.

आता थोडं कडू. आपल्याकडे कितीतरी दुकानांनी चौथ्या-सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर युक्त्या करून विंडोज ११ चढवलंय. अकरा चालणाऱ्या प्रोसेसरची मायक्रोसॉफ्टची यादी इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. ग्राफिक्सला डायरेक्टएक्स १२ (विंडोजची चित्र काढायची यंत्रणा) आणि त्याला साजेसा ड्रायव्हर लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनसाठी अकराचा अधिकृत ग्राफिक्स ड्रायव्हर शोधत बसू नका. ते मशीन दहावरच ठेवा. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली होती, ती तेवढ्याचसाठी.

लुकलुकणाऱ्या स्क्रीनसाठी टास्क मॅनेजर उघडा आणि फक्त त्याच्याकडे बघा. बाकी सगळ्यासोबत तोही लुकलुकत असेल तर ड्रायव्हर. तो स्थिर आणि बाकीचं हलतंय तर एखादं ॲप, बहुधा जुना अँटिव्हायरस किंवा डेस्कटॉप सजवणारं काहीतरी. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं तो आकडा) ६० हर्ट्झ आहे ना तेही बघा. निळ्या डोक्याची व्हीजीए केबल असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा.

अक्षरं फार मोठी किंवा फार बारीक असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल. जिथे 'रेकमेंडेड' लिहिलंय ते निवडा. फक्त जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर धूसर दिसत असेल तर त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', खालच्या चौकटीत टिक करून यादीतला 'सिस्टिम एन्हान्स्ड' निवडा. टीव्हीला जोडलं आणि कडा कापल्या गेल्या तर कॉम्प्युटर सोडा, टीव्हीचा रिमोट घ्या. पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असतं.

मराठीचा प्रकार वेगळा, आणि तो इंग्रजी व्हिडिओंमध्ये सापडत नाही. वर्डमध्ये मंगल फॉन्टने केलेली फाइल उघडली की ओळी खाली सरकतात, एका पानात बसणारी निमंत्रणपत्रिका दुसऱ्या पानावर जाते. मंगल आता विंडोजमध्ये आपोआप येईलच असं नाही. तो नसेल तर त्याच्या जागी निर्मला किंवा दुसरा फॉन्ट बसतो आणि मांडणी ढासळते. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह एकत्र येतात.

श्रीलिपी किंवा कृतिदेववाल्यांची गत निराळी. भद्रकालीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकेची फाइल उघडली तर वरच्या 'श्री गणेशाय नमः' पासून खालच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. ऑपरेटर पोरगा पुन्हा टाइप करायला बसला होता. त्याला थांबवलं. या फॉन्टमध्ये आतून इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नाही म्हणून रूप नाही, मजकूर शाबूत आहे. नवं विंडोज जुन्यावरच टाकलं असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या विंडोज-फॉन्ट्समध्ये जुने फॉन्ट सापडतात. ते निवडून उजवी क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांना फॉन्ट दिसतीलच असं नाही.

फ्लेक्सवाल्यांची तक्रार रंगाची. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत आणि भगवा स्क्रीनवर विटकरी दिसतोय, छापून मात्र बरोबर येतोय. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये नाइट लाइट (स्क्रीन पिवळट करणारी सोय) चालू आहे का बघा, मग एचडीआर (रंग-उजेड वाढवून दाखवणारी सोय). दोन्ही बंद असूनही रंग पिवळट असेल तर कलर मॅनेजमेंटमध्ये मॉनिटरचं जुनं रंगांचं प्रोफाइल गेलेलं असतं, ते पुन्हा लावा. तोवर स्क्रीनवर बघून रंग दुरुस्त करू नका, चांगली फाइल खराब होईल.

इतकं करूनही जमलं नाही तर परत जा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. ही सोय अपग्रेडपासून १० दिवसच असते आणि तीही 'विंडोज डॉट ओल्ड' जागेवर असेल तरच. त्यामुळे अपग्रेडनंतर लगेच 'डिस्क भरली' म्हणून साफसफाई करू नका. परत जाण्याआधी कामाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या, मधल्या दिवसांत टाकलेली सॉफ्टवेअर पुसली जातात.

दुरुस्तीवाल्याला फोन करायचाच असेल तर तीन गोष्टी हाताशी ठेवा: डिव्हाइस मॅनेजरमधलं डिस्प्ले अडॅप्टरचं नाव, स्क्रीनशॉट मोबाइलवर कसा दिसतो, आणि लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर. "आय फाइव्ह आहे, काळ्या रंगाचा" एवढ्यावरून ड्रायव्हर शोधता येत नाही हो.