मानसशास्त्र विभागाचे कार्यक्रम: या चुका टाळा

कोकणातल्या कॉलेजात मानसशास्त्र विभागाचा कार्यक्रम फसतो तो बहुधा आभारप्रदर्शन झाल्यावर. नैराश्यावरचं व्याख्यान संपतं, खुर्च्या उचलायला सुरुवात होते आणि एखादी मुलगी दाराशी घुटमळत राहते. तिला वक्त्यांशी दोन शब्द बोलायचे असतात. वक्ते तोवर प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहाला गेलेले असतात आणि तिची एसटी सुटायला दहा मिनिटं उरलेली असतात. ती निघून जाते. अहवालात 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं छापून येतं.

वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम संपला की संपला. मानसशास्त्राचा कार्यक्रम ऐकणाऱ्याच्या मनातलं काहीबाही वर काढतो. ते घेऊन त्याला तसंच घरी पाठवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातल्या आहेत.

वेळ ठरवताना एसटी विसरणं

आधी मुलांच्या गावांची यादी करा आणि प्रत्येक गावाची संध्याकाळची गाडी लिहा. आतल्या गावांना अनेकदा एकच सोयीची गाडी असते. ती चुकली की थेट वस्तीची. समजा महत्त्वाची गाडी साडेचारला आहे आणि स्टँड पंधरा मिनिटांवर. म्हणजे मुलं सव्वाचारला निघणार. तिथून मागे मोजा. ३.३० ते ४.१५ हा वेळ मोकळा, वक्ते विभागाच्या खोलीत बसलेले, दार लोटलेलं. ३.१० ते ३.३० प्रश्नोत्तरं. २.३० ते ३.१० व्याख्यान. दीपप्रज्वलन, स्वागत, ओळख हे सगळं २.१५ ते २.३० या पंधरा मिनिटांत.

हे गणित मोडतं ते सत्कारांमुळे. पाच मान्यवर, प्रत्येकाला शाल-श्रीफळ आणि 'दोन शब्द', म्हणजे पंचवीस मिनिटं गेली. ती व्याख्यानातून कोणी कापत नाही. शेवटच्या मोकळ्या वेळातूनच कापली जातात. सत्कार एकच ठेवा, तोही वक्त्यांचा. चहा विभागाच्या खोलीतच मागवा, म्हणजे वक्ते जागेवर सापडतात.

दिन पाळण्याचा हट्ट

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. दोन्ही तारखा कोकणाला अडचणीच्या. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि १० तारखेला घरोघरी गौरी आल्या. त्या दिवशी कॉलेजात चिटपाखरू नसतं. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे १० तारखेला मुलं मखर आणि माटवीच्या तयारीत. ऑक्टोबरात पहिल्या सत्राच्या परीक्षा डोक्यावर असतात. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा किंवा विसर्जनानंतरचा आठवडा धरा. फलकावर 'दिनानिमित्त' लिहायला कोणी आडकाठी करत नाही.

जून-जुलैत मोठा कार्यक्रम ठेवूच नये. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, तेही कधी आदल्या रात्री तर कधी पहाटे. ठेवायचाच झाला तर पत्र्याच्या सभागृहात नको. मुसळधार पावसात पत्र्याखाली माईकचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही, आणि माईकची चाचणी कोरड्या दिवशी घेतलेली असल्यामुळे हे आयत्या वेळी कळतं. लाइट गेली तर स्लाइड्सही गेल्या, म्हणून वक्त्यांकडून त्यांची छापील प्रत आधीच मागून ठेवा.

वक्ता लांबचा, पदवी चुकीची

मुंबई-पुण्याचं नाव पत्रिकेवर शोभतं. पण घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर रखडली तर सभागृह वाट बघत बसतं, आणि पोचलेच तर रात्रीच्या गाडीने परत जातात. त्या दाराशी थांबलेल्या मुलीला पुढच्या आठवड्यात कोण भेटणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं जिल्हा रुग्णालयात असतात. पहिला फोन तिथे करा. बाहेरचे वक्ते बोलावले तरी स्थानिक डॉक्टर किंवा समुपदेशक पहिल्या रांगेत बसलेले असावेत आणि सूत्रसंचालकाने त्यांची ओळख करून द्यावी: कोण, कुठे, कोणत्या वारी भेटतात.

फलक छापायला देण्याआधी पदनाम तपासा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय डॉक्टर. ते औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. एम. ए. झालेले समुपदेशक या दोघांहून वेगळे. सगळ्यांना सरसकट 'प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ' केलं की मुलं औषधाचा प्रश्न भलत्यालाच विचारतात. राहिले संमोहनाचे खेळ, हस्ताक्षरावरून स्वभाव, डोळे बांधून रंग ओळखणारी मुलं. गर्दी होते हे खरं. पण मानसशास्त्र विभागाने यांना व्यासपीठ दिलं की वर्षभर वर्गात शिकवलेलं एका दुपारीत धुतलं जातं.

स्टॉलवर 'तुमचं नैराश्य मोजा'

ही चूक सगळ्यात धोक्याची, कारण ती हौसेने आणि चांगल्या हेतूने होते. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली फुकट मिळते, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दुसऱ्या वर्षाची मुलं शंभर झेरॉक्स काढतात, बेरीज करून देतात, वर एक स्मायलीचा स्टिकर.

गडबड नवव्या प्रश्नात आहे. तो मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारतो. एकूण बेरीज ८ आली की 'सौम्य' म्हणून कागद बाजूला जातो, पण त्या आठातले २ नवव्या प्रश्नाचे असतील तर? ते बघायला कोणी नसतं. कागद निनावी ठेवला तर तो कोणाचा हे शोधता येत नाही. नाव लिहून घेतलं तर टेबलावर उघडा पडलेला कागद वर्गातला कोणीही वाचतो, आणि छोट्या गावात ती बातमी मुलाच्या आधी घरी पोचते. या पेचातून स्टॉलवर वाट निघत नाही. म्हणून चाळणी चाचणी मेळाव्यात घेऊच नका. ती समुपदेशन कक्षात, एका वेळी एकाची, प्रशिक्षित माणसासमोर व्हावी. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर त्याच बैठकीत, स्पष्ट शब्दांत विचारायचं: मरावंसं वाटतं का, कसं करायचं ठरवलं आहे का. थेट विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही भीती निराधार आहे. 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, विश्वासातल्या माणसाला बोलवायचं, डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं. हे कोण करणार ते नावानिशी आधी ठरलेलं हवं.

स्टॉलवर द्यायचं ते पाकिटात मावेल एवढं कार्ड: कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ आणि खोली, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. छापण्याआधी प्रत्येक क्रमांक स्वतः लावून बघा.

खेळ हवेत तर प्रयोगशाळेतले ठेवा. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग (शब्द न वाचता तो ज्या रंगात छापला आहे तो रंग सांगायचा) स्टॉलवर हमखास रंगतो, पण तोही चुकीचा मांडला जातो. शब्द मराठीत हवेत: लाल, निळा, हिरवा, पिवळा. इंग्रजी शब्द ठेवले तर ज्यांचं इंग्रजी वाचन सरावाचं नाही त्यांच्यात अडथळा कमी दिसतो आणि 'प्रयोग चाललाच नाही' असं वाटतं. आधी रंगीत चौकोनांची २० ची यादी, मग विसंगत शब्दांची २० ची, दोन्हींचा वेळ मोबाइलवर. फरक हाच निकाल. पिवळा पांढऱ्या कागदावर फिका पडतो, म्हणून गडद छटा घ्या. लाल-हिरव्यात गोंधळणारा मुलगा आला तर त्याची फजिती होईल असं काही बोलू नका. रोर्शाकचे शाईचे डाग मात्र कपाटातच राहू द्या. ती चाचणी आहे, जत्रेतला पाळणा नव्हे.

स्वागत समारंभ

नव्या मुलांकडून 'तुझी सर्वात मोठी भीती सांग' असं गोलात बसवून वदवून घेणं हा खेळ नव्हे. सीनियर्सनी सक्तीने करवलं तर ते यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगमध्येही बसू शकतं. 'पास' म्हणायची मुभा सुरुवातीलाच जाहीर करा आणि ती पहिल्यांदा शिक्षकाने वापरून दाखवावी. डोळे बांधून चालण्याचा विश्वासाचा खेळ पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर अजिबात नको. शेवाळावर डोळस माणूसही घसरतो.

मनोरुग्णालयाची सहल

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्यासह राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. कोकणातल्या विभागांना ते जवळचं, त्यामुळे भेट ठरलेली. पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, प्राचार्यांच्या सहीने, महिनाभर आधी द्या. एका गटात १५ ते २० मुलं पुरेत. पन्नासजण वॉर्डात शिरले की भेटीचं प्रदर्शन होतं. मोबाइल बसमध्येच ठेवायला सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २४ उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांत द्यायला मनाई करतं, आणि स्टेटसला टाकलेला फोटो कुठवर जाईल याचा भरवसा नाही. बिस्किटं वाटणं बंद करा.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. आपल्याच वर्गातल्या कोणाची मावशी, कोणाचे वडील तिथे दाखल असू शकतात. भेट ऐच्छिक ठेवा, न येणाऱ्याला तेवढ्याच गुणांचं दुसरं काम द्या आणि कारण विचारू नका. दुसऱ्या दिवशी एक तास फक्त त्या भेटीवर बोलायला राखून ठेवा.

पथनाट्य आणि पोस्टर

फाटक्या कपड्यातला 'वेडा' आणला की हशा मिळतो, आणि मागे उभ्या असलेल्या आजारी माणसाच्या आईला कळतं की आपण गप्प राहिलेलं बरं. फास, विषाची बाटली, पुलाचा कठडा यांतलं काहीही चित्रात नको. आत्महत्येची पद्धत दाखवू नये हे जागतिक आरोग्य संघटनेचं माध्यमांना सांगणं आहे. पोस्टरलाही तेच लागू. गावात प्रयोग असेल तर भगताची टर उडवून सुरुवात करू नका. प्रेक्षक तिथेच तुटतात. 'गाऱ्हाणं घाला, कौल लावा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका' हे वाक्य गावाला पटतं, आणि गोळ्या चालू राहिल्या की निम्मं काम झालं.

नॅकसाठी फोटो

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पुरावा लागतो, जिओटॅग म्हणजे फोटोवर जागेची नोंदही लागते. म्हणून समुपदेशन कक्षाबाहेर थांबलेल्या मुलांचे फोटो काढले जातात, आणि पुढच्या वर्षी तिथे कोणी थांबत नाही. व्यासपीठ, फलक, पाठमोरे प्रेक्षक एवढे फोटो अहवालाला पुरतात. उपस्थितीपत्रक व्याख्यानाचं ठेवा. नंतर वक्त्यांना भेटलेल्यांची नावं कुठेही लिहायची नाहीत. अहवालात फक्त आकडा, आणि तो एक-दोनच असेल तर तोही गाळा.